गच्चीवरून उतरू नये

१२ जानेवारी, रविवार
चर्चमधल्या उपासनेनंतर मुलगी आणि जावई जेवायला आले होते. मुलगी अठ्ठावीस वर्षांची, पण घरात अजून बबडीच. जेवता जेवता तिने सांगितलं, तिसरा महिना चाललाय. हिने डोळे पुसले. मीही आनंदलोच. पण नुकताच तीन तास भविष्यवाणीचे व्हिडिओ बघून उठलो होतो, त्यामुळे तोंडून निघून गेलं की शेवटच्या काळात पोटुश्या बायांची फार दैना होणार असं शास्त्रात आहे. निव्वळ माहिती म्हणून. बबडी हात धुवायला उठली ती परत ताटावर आली नाही. जावयाने असं पाहिलं की जणू ते मीच लिहिलंय.
पुढच्या रविवारी तिची समजूत काढायची. नक्की.

१९ जानेवारी
समजूत काढली नाही. ते आलेच नाहीत. माझा काय दोष.

४ फेब्रुवारी
दहा देशांचा करार! शास्त्रातल्या श्वापदाची दहा शिंगं. बातमी कापून हॉलमधल्या भविष्यवाण्यांच्या चार्टवर चिकटवली. पेपरात अकरा देश म्हटलंय, पण अकराव्याचा मंत्री सहीआधीच विमानात बसला. तो धरायचा नाही. ही म्हणाली, भिंतीला रंग नवा दिलाय, डिंकाचे डाग पडतील. जग संपायला आलंय आणि हिला रंगाची पडलीय.

२ मार्च
फळ्यावाल्या बंधूंनी शेवटाचा दिवस शोधून काढला! (व्हिडिओत फळ्यावर गणित मांडतात म्हणून हे नाव. मी दिलेलं.) २१ जून. दोन युद्धं, चार भूकंप, आटलेली नदी, सगळी बेरीज चोख.
पाळकसाहेबांना सांगायला गेलो. ते म्हणाले, तो दिवस कोणालाच ठाऊक नाही असं प्रभू स्वतः सांगून गेलाय. मी म्हटलं, दिवस ठाऊक नसेल, तारीख कळायला काय हरकत आहे? त्यांनी तिथेच माझ्यासाठी प्रार्थना केली. म्हणजे पटलं.

११ एप्रिल
पाणीपुरवठ्याच्या लॅबमध्ये माझी बावीस वर्षं झाली. रोज सात नळांचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, तपासायचं, रजिस्टरात चढवायचं. आज तिसऱ्या नळाला तांबडं पाणी. रंगाच्या रकान्यात 'रक्तवर्ण' लिहिलं, शेऱ्याच्या रकान्यात 'आरंभ'. मग शांतपणे डबा खाल्ला.
दुपारी साहेबांनी बोलावलं. पाइप गंजलाय. सकाळीच फोन केला असता तर त्या गल्लीचं पाणी बंद करता आलं असतं, तीनशे घरांनी ते भरून ठेवलं म्हणे. मेमो मिळाला. संदेष्ट्यांचा छळ होतोच.

१० मे
जावई टॉवर उभारायच्या कामावर दोन महिने बाहेरगावी. बबडी आमच्याकडे राहायला आलीय. माझ्याशी कामापुरतं बोलते. पंखा लावा. पंखा बंद करा. पायांना सूज आहे, बीपी वाढलंय. डॉक्टरांनी सांगितलंय, डोकं दुखलं, पोटात कळ आली की थांबायचं नाही, निघायचं. हॉस्पिटल अर्ध्या तासावर, आणि घरात गाडी मला एकट्यालाच येते. ही म्हणाली, पेट्रोल भरून ठेवा. भरतो.
त्या जेवणाच्या वेळचं बोलणं मनात डाचतं. माफी मागणार होतो. मग विचार केला, सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे. २१ तारखेला तिलाच कळेल मी का बोललो. तीच माफी मागेल. मी लगेच माफ करून टाकीन. मन मोठं ठेवायचं.

१४ जून
रंगीत तालीम. शास्त्राचं म्हणणं स्पष्ट आहे, त्या दिवशी जो गच्चीवर असेल त्याने काही घ्यायला खाली उतरू नये. तेव्हा गच्चीच. खुर्ची, छत्री, पाणी, बिस्किटं, ही वही. मोबाइल खाली ठेवायचा. दाराला गच्चीच्या बाजूने कडी.
हिने विचारलं, त्या दिवशी पोरीला काही झालं तर? मी म्हटलं, त्या दिवशी सगळ्यांनाच होणार आहे. ही उठून आत गेली. बबडी आतच होती, हे नंतर लक्षात आलं.
पेट्रोल भरलं. जबाबदारी म्हणजे जबाबदारी.

२१ जून
सकाळी ७.३०. गच्चीवर. कडी घातली. मन शांत.
७.४५. गाडीची किल्ली खिशातच राहिलीय. देऊन यावी का? पण नियम म्हणजे नियम.
९.१०. आकाश स्वच्छ. जरा जास्तच स्वच्छ. बिस्किटं निम्मी संपली.
१०.४०. दार वाजतंय. ही आहे. 'अहो, कडी काढा. बबडीच्या पोटात कळा येतायत. अहो, निदान किल्ली तरी द्या.' शेवटच्या तासाला परीक्षा जवळच्या माणसांकडूनच होते, बंधूंनी बजावलं होतं. प्रार्थना केली. मनातल्या मनात. मोठ्याने केली तर मी ऐकतोय हे कळेल.
१०.५५. दार वाजायचं थांबलं. टिकलो.
११.०५. तळमजल्यावरच्या शिंप्याची व्हॅन फाटकाशी. एका बाजूने ही, एका बाजूने शिंपी, मध्ये बबडी. वाकून चालत होती. नम्र झाली म्हणायची.
११.०७. तिने वर बघितलं. मी टाकीमागे सरकलो.
११.३०. उतरावं का? उतरलो तर पाच महिन्यांचा अभ्यास पाण्यात. शिवाय ते आता पोचलेही असतील. माझी गरज संपली.
दुपारी २. छत्री मोडली.
४.००. शाळेच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळतायत. कोणी स्वर्गात उचललं गेलेलं नाही. अकरा होते, अकरा आहेत.
संध्याकाळी ७.१०. सूर्य गेला. आणखी दहा मिनिटं दिली. मग कडी काढली.
मोबाइलवर जावयाचे एकोणीस मिस्ड कॉल. शेवटी मेसेज. मुलगी झाली. दीड महिना आधी. काचेच्या पेटीत ठेवलीय. बबडीला रक्त चढवतायत.
गाडी काढली. टाकी पूर्ण भरलेली होती.

२२ जून
काल रात्री आत सोडलं नाही, म्हणून सकाळी गेलो. बाळाच्या वॉर्डबाहेर नर्सने विचारलं, आपण कोण? म्हटलं, आजोबा. तिने यादी बघितली आणि म्हणाली, पण आजोबा कालच येऊन सही करून गेले. नर्स शिंप्यालाच आजोबा समजत होती. त्याने सही केली, बाटलीभर रक्तही दिलं, ही सांगत होती. सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.
काचेतून पाहू दिलं. एक किलो नऊशे. नाकात नळी. माझ्या मुठीएवढं डोकं.
बंधूंचा नवा व्हिडिओ आलाय. जुन्या कॅलेंडरात एक वर्ष दोनदा धरलं गेलं म्हणे. अर्धा पाहिला.

२४ जून
जावई आला. माझ्या पाया पडला नाही, भांडलाही नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, उत्तर तयार होतं.
चार्ट काढला. रंग निघून आला.

२७ जून
बाळाची नळी काढली. बबडी आता हळूहळू चालते. आज पहिल्यांदा मला खोलीत बोलावलं. ही औषधं आणायला गेली होती. मी स्टुलावर बसलो. मुद्दाम माफीचं पाठ करून गेलो होतो, चांगली चार वाक्यं होती. तिने बोलूच दिलं नाही. शांतपणे एवढंच विचारलं,
'पप्पा, आईच्या हाका ऐकू आल्या होत्या का तुम्हाला?'
मी म्हटलं, 'नाही गं. वारा फार होता वर.'
तिने मान हलवली. बरं, म्हणाली. पाण्याची बाटली भरून आणायला सांगितली. भरून आणली तोवर ती डोळे मिटून पडली होती. झोपली नव्हती.
त्या दिवशी पानसुद्धा हलत नव्हतं.