कूलरच्या बदल्यात राजाराम

४ मे १९८६, रविवार

फसला! माझा सगळा प्लॅन फसला आणि मला हसू आवरत नाहीये.

काल इथल्या मराठी मंडळाच्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात राजारामचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, विनीतानं लिहिलेलं मानपत्र – ‘बेसबॉल टीमचे आधारस्तंभ’ वगैरे वगैरे. कल्पना माझीच. आपल्याकडे माणसाला निरोप द्यायचा तर असाच देतात ना – खांद्यावर शाल पडली की माणूस काय ते समजतो. राजाराम अकरा वर्षं आमचा कॅचर. बॅटरच्या मागे उकिडवं बसायचं, येईल तो बॉल पकडायचा, पळणाऱ्याला फेक मारून आउट करायचं. विकेटकीपरच, पण हाल जास्त. आता वय अठ्ठेचाळीस. तो खाली बसला की गुडघे वाजतात ते मला बाकावर ऐकू येतात. पण ‘आता बास’ हे त्याला सांगणार कोण? कमिटीत कुणाची छाती होईना. टीमची मॅनेजर मी, म्हणजे सांगायचं मी – आणि मी तर त्याची बायको!

तर राजाराम शाल सावरत माइकपाशी गेला, घसा खाकरला आणि म्हणाला, ‘‘या सन्मानानं माझी जबाबदारी वाढली आहे. अजून पाच सीझन तरी मी तुम्हाला सोडत नाही!’’

टाळ्या! कमिटीचे त्र्यंबककाका माझ्याकडे बघत होते, मी छताकडे.

नारळ आज फोडला. खवट निघाला.

७ मे

अमित! अमित! अमित!

नागपूरचा मुलगा, इकडे एम.एस. करून आता इथल्या मोटार कंपनीत लागलाय. तिकडे युनिव्हर्सिटीकडून विकेटकीपिंग करायचा. प्रॅक्टिसला सहज आला, सहज ग्लव्ह घातला, आणि बसल्या जागेवरून सेकंड बेसला – थेट पलीकडच्या टप्प्यावर – अशी फेक मारली की आमच्या टीममधला विनय पळता पळता मध्येच थांबला. नुसता बघत राहिला! मग अमित दोन्ही हात वर करून ओरडला, ‘‘हाउज दॅट!’’ त्याला म्हटलं, अरे, इथे अपील करत नाहीत. म्हणाला, ‘‘सॉरी काकू, सवय आहे.’’

अमेरिकेत, या ट्रॉयला आले तेव्हा राजाराम दिवसभर ऑफिसात, लेक रुपाली पाळण्यात आणि घरात माझ्याशी बोलायला एक रेडिओ. त्या रेडिओनं मला बेसबॉल शिकवला. इतक्या उन्हाळ्यांत असा हात जवळून बघितला नव्हता.

मला कप हवाय. लिहून टाकलं एकदाचं! अकरा वर्षांत आपली टीम फायनलला गेली नाही. मला मॅनेजर केलं तेव्हा पुरुषमंडळी म्हणाली होती, ‘वहिनी स्कोअर छान लिहितात हो.’ या वेळी दाखवतेच.

११ मे

लीगचा नियम – टीममध्ये पंधरा नावं, सोळावं नाही. आमची पंधरा भरलेली. राजारामला म्हटलं, अरे, या वर्षी बाकावर बसून नव्या मुलांना शिकव की. म्हणाला, ‘‘खेळेन तर कॅचर म्हणून. बाकावर बसायला मी काय भारतातून आलेला पाहुणा आहे?’’

मे अखेरपर्यंत दोन टीम आपापसात खेळाडूंची अदलाबदल करू शकतात, असंही त्याच पानावर लिहिलंय. नुसतं वाचलं हो. पुन्हा एकदा वाचलं.

१७ मे, शनिवार

मी काय केलं हे!

वॉल्टच्या हार्डवेअरच्या दुकानात दाराची बिजागरी आणायला गेले होते. त्या दुकानवाल्यांचीही लीगमध्ये टीम आहे. वॉल्ट तोंड पाडून काउंटरवर बसलेला. त्यांच्या कॅचरचं बोट मोडलंय. म्हणाला, ‘‘तुझ्या नवऱ्यासारखा कुणी अनुभवी मिळाला तर बघ ना.’’

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘नवराच ने की!’’

तो हसला. मी हसले नाही. मग तोही हसायचा थांबला.

त्याच्याकडे द्यायला जास्तीचा खेळाडू नव्हता, आणि मला नकोच होता, मला तर जागा हवी होती. शेवटी दोन हेल्मेटं आणि त्यांचा तो मोठा नारिंगी पाण्याचा कूलर यावर सौदा ठरला. हात मिळवले. बिजागरी आणायची राहिलीच.

१८ मे

सकाळी पोह्यांबरोबर सांगून टाकलं. एका दमात. राजारामनं चमचा खाली ठेवला. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार.

‘‘माझ्या बदल्यात काय मिळालं?’’

‘‘दोन हेल्मेटं. आणि कूलर.’’

‘‘केवढा आहे?’’

‘‘मोठा आहे. दहा गॅलनचा.’’

‘‘तोटी गळत नाही ना?’’

‘‘नाही.’’

‘‘मग ठीक आहे,’’ म्हणाला आणि लॉन कापायला गेला.

रुपालीला कळलं तर ती जमिनीवर लोळायचीच बाकी! ‘‘मॉम! यू ट्रेडेड डॅड? फॉर अ कूलर?’’ मग फोन घेऊन बसली, सगळ्या मैत्रिणींना वर्दी दिली. मीही हसत सुटले. खिडकीतून पाहिलं तर राजाराम लॉनच्या एकाच पट्ट्यावरून मशीन पुन्हा पुन्हा फिरवत होता. मी जरा पडदा ओढून घेतला. पण जराच. अमितचं नाव आज फॉर्मवर चढलं!

१ जून

जिंकलो! अमितनं पळणाऱ्या तिघांना आउट केलं. कूलरमध्ये माझ्या नावाचं, ‘प्रतिमा स्पेशल’ लिंबू सरबत. त्र्यंबककाका दोन ग्लास पिऊन म्हणाले, ‘‘राजारामपेक्षा गार आहे.’’ चावट!

आणि आपली मराठी! बाकीच्या अमेरिकन टीम बिचाऱ्या नाकाला हात लावतात, टोपी ओढतात, कोपर चोळतात – सगळ्या गुप्त खाणाखुणा. आम्हाला काही गरजच नाही. मी बाकावरून सरळ ओरडते, ‘‘विनय, पुढच्या बॉलला पळ!’’ आणि विनय बॅट लागायची वाट न बघता पुढच्या बेसला पळतो. भर मैदानात, अंपायरच्या कानाशी! ही युक्ती राजारामचीच, पहिल्या वर्षापासूनची.

८ जून

राजाराम त्यांच्या मॅचहून आला तो शर्टावर मस्टर्डचा डाग आणि शीळ घालत. तिकडे त्याला ‘राज’ म्हणतात. मॅच संपली की त्याला खुर्ची देतात, गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या ठेवतात. ‘‘तुम्ही लोकांनी अकरा वर्षांत एकदा तरी बर्फ दिलात?’’

मी त्याला सरबत दिलं.

६ जुलै

पुन्हा जिंकलो!! टीममधला वसुधाचा नवरा आजपासून मला ‘कॅप्टन’ म्हणतो.

३ ऑगस्ट

फायनल! आपण फायनलला! मैदानातच विनीता आणि मी फुगडी घातली. अंपायर घाबरून बाजूला झाला.

घरी आले तर राजाराम पायरीवर बसलेला, बूट काढत. ‘‘आम्ही पण,’’ म्हणाला.

‘‘तुम्ही पण काय?’’

‘‘फायनलला.’’

त्यांचा गट वेगळा, म्हणून आजवर गाठ पडली नव्हती. आता फायनल आमची आणि वॉल्टची. म्हणजे आमची आणि राजारामची! दोघंही खूप हसलो. एक बूट तसाच पायात.

१३ ऑगस्ट

अगं बाई!!

आज फोडणीत जिरं टाकता टाकता लक्षात आलं. मराठी! आमची सगळी गुपितं मराठीत, आणि बॅटरच्या मागे बसणार कोण – राजाराम! मी ‘विनय पळ’ म्हटलं की तो पिचरला – म्हणजे बॉलरला – नुसती खूण करणार, पटकन फेकता यावा म्हणून बॉल बॅटरपासून लांब मागवणार, आणि विनय गेलाच कामातून. सगळा सीझन मिरवलं, आणि एकाच्याही डोक्यात हे येऊ नये? एवढे इंजिनीयर, दोन डॉक्टर! जिरं करपलं.

त्याला सरळ विचारायचं म्हटलं – तिकडे सांगितलंस का रे? – पण विचारू कुठल्या तोंडानं? विकलेल्या माणसाला? तो पेपर वाचत होता. मला म्हणाला, ‘‘काहीतरी जळतंय.’’

१५ ऑगस्ट

नवी गुप्त भाषा – भाज्या! वांगं म्हणजे पळ, दोडका म्हणजे थांब, कोथिंबीर म्हणजे बॅट फिरवू नकोस. प्रॅक्टिसला नुसता गोंधळ. मी ‘दोडका!’ ओरडले आणि तीन माणसं तीन दिशांना पळाली. अमित म्हणाला, ‘‘काकू, आय ॲम सॉरी, पण मला दोडका काय ते माहीतच नाही यार. मी हॉस्टेलला वाढलो.’’

हसून हसून पोट दुखलं. पण रविवारी माझं काय होणार आहे! हरलो तर म्हणतील, नवरा घालवला आणि कपही.

१७ ऑगस्ट, रविवार

कप!!! कप!!! कप स्वयंपाकघरात आहे, त्यात आत्ता कढीपत्ता ठेवलाय कारण दुसरं काही सुचलं नाही!

नीट लिहिते. दोडका-वांगं सगळं पहिल्याच इनिंगला विसरलो. आधी विनय कुणी न सांगता स्वतःच्या मनानं पळाला, तर राजारामनं त्याला असा आउट केला की मीच टाळी वाजवली – मग जीभ चावली. शेवटच्या इनिंगपर्यंत स्कोअर चार-चार. विनय फर्स्ट बेसवर, अमित बॅटिंगला. आणि माझ्या तोंडून अकरा वर्षांच्या सवयीनं निघालंच, बोंबलून, ‘‘विनय, पुढच्या बॉलला पळ!’’

मी डोळे गच्च मिटले. संपलं सगळं!

उघडले तर विनय सेकंड बेसवर धुळीत आडवा आणि अंपायरचे हात पसरलेले – सेफ! राजारामची फेक आली होती, चांगली जोरात आली, पण जरा उशिरा. पुढच्याच बॉलला अमितनं फटका मारला, विनय होम बेसला पोचला, जिंकणारा रन झाला, आणि मग मला काही आठवत नाही. मला उचललं म्हणे. त्र्यंबककाका रडत होते. रुपाली दोन्ही टीमसाठी ओरडून ओरडून घसा बसवून बसली.

राजाराम येऊन माझ्याशी हात मिळवून गेला. रीतसर, टोपी काढून.

घरी येताना गाडीत मला गप्प बसवेना. म्हटलं, ‘‘बघ, मी म्हणत होते ना! शेवटच्या त्या फेकीला उठायलाच उशीर झाला तुला. गुडघे!’’

‘‘हो,’’ म्हणाला. ‘‘गुडघे.’’

माझा निर्णय बरोबर होता. शंभर टक्के! असला सौदा या लीगमध्ये कुणी केला नसेल. उद्या आईला पुण्याला फोन करणार, महाग पडला तरी.

२३ ऑगस्ट, शनिवार

लीगची पिकनिक. वॉल्ट मक्याचं कणीस खात माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, ‘‘फायनलच्या आधी मी राजला विचारलं होतं, तुझी बायको बाकावरून काय ओरडते ते आम्हाला सांग ना. तर म्हणाला, नाही सांगता येणार. भारतात भाषा फार. ती मंडळी सगळी वेगळ्या भाषेची, मला त्यातला शब्द कळत नाही. एवढी वर्षं लग्नाला झाली, अजून कळत नाही.’’ मग कणीस खाली ठेवून अगदी मनापासून विचारलं, ‘‘तुमचं घर चालतं तरी कसं?’’

सगळा आठवडा कप मिरवत फिरले मी. फोन केले. आणि त्यालाच वर ‘गुडघे’ म्हणाले.

राजाराम पलीकडे कूलरच्या तोटीखाली ग्लास धरून उभा होता. मी मराठीत हाक मारली, ‘‘अरे, इकडे ये ना.’’

वळूनसुद्धा बघितलं नाही. वॉल्ट शेजारी बसला होता ना – मग मराठी कळेल कसं!