दीर्घाला दोन टिचक्या

ती. अप्पांना धाकटीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी आहे, पण स्वेटरही दोन आहेत.

दवाखान्यात पेशंटची नावं आता मीच पुकारते. लांब स्वरासाठी इथल्या भाषेत तेच अक्षर दोनदा लिहितात. सोबतच्या नर्सच्या भाषेत अक्षरावर आडवी रेघ देतात. बोलताना मात्र सगळ्यांनाच घाई! मी टेबलाखाली लहानपणी तुम्ही शिकवल्या तशा हळूच टिचक्या वाजवते, ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन. काल एक आजोबा म्हणाले, "आईनंतर माझं नाव असं अख्खं तूच घेतलंस." अप्पा, हे तुमचंच देणं.

पक्षाघाताच्या झटक्यानंतरचा तोंडाचा व्यायाम करता ना? आईला विचारलं की ती विषय बदलते.

रविवारी फोन करते. टिचक्या मी वाजवीन, तुम्ही आ, ई, ऊ म्हणा. मला अजिबात घाई नाही.

तुमच्याच तालमीतली,
धाकटी