दाजी, फोटोत फक्त तारे स्पष्ट आलेत

प्रिय दाजी,

उद्या कोर्टात माझी साक्ष आहे. ज्याने तुम्हाला मारलं तो माझ्यापासून चार हातांवर उभा असेल. मी त्याच्यावर झडप घालीन की काय, अशी भीती वाटतेय. ताईशी हे बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय.

आपलं यंत्र! दोन फळ्या, मध्ये बिजागरी, खाली आट्यांचा रॉड आणि बारकी मोटर. पृथ्वी फिरते त्याच्या उलट वरची फळी सावकाश उघडायची, म्हणजे कॅमेरा ताऱ्यांसोबत सरकतो. मी भद्रकालीच्या बाजारात बिजागरी आणायला गेलो आणि पतंग घेऊन आलो. "काय मेव्हणे, बिजागरीला शेपूट फुटलं का?" किती हसलात!

मी म्हणत होतो, प्लायवूड घेऊ. तुमचा हट्ट, "सागच पाहिजे. जड असलं म्हणजे हलत नाही." का नाही ऐकलंत माझं?

दिंडोरीच्या पुढे, द्राक्षबागेच्या कडेला, अंधार पडल्या पडल्या कॅमेरा चालू केला. तोच बॅटऱ्या-काठ्या घेऊन माणसं धावत आली. "कोण हे रं तिकडं? केबल कापाया आले का?" त्यांच्या विहिरींवरच्या केबली चोरीला जात होत्या, हे नंतर कळलं. पळायचं सोडून तुम्ही म्हणालात, "या ना भाऊ, आभाळ दाखवतो!" घरी चहाला बोलावल्यासारखं!

काठीने माझा खांदा निखळला. पडल्या जागेवरून, त्यांच्याच बॅटऱ्यांच्या उजेडात, त्याचा चेहरा नीट बघितला. त्याने यंत्र उपटलं, कॅमेरा फेकला आणि सागाची फळी तुमच्या डोक्यात घातली. "दाखव आता आभाळ!" पुन्हा घातली. बिजागरी तुटली तरी घालतच राहिला.

कॅमेरा वाचला. ते धावत येतानाचा एक फोटो त्यात आहे. एकेक तारा सुईच्या टोकासारखा. जमलं होतं हो दाजी! आणि खाली बॅटऱ्यांचे फराटे, पुसट पाय. चेहरा एकाचाही नाही. सरकारी वकील म्हणाले, "याचा उपयोग नाही. तू सांगशील तेवढंच."

त्याची कवटी फोडावी, तो विव्हळताना ऐकावं, असं रोज वाटतं. खोटं कशाला बोलू? दोनदा डिकीत पहार टाकून त्याच्या गावापर्यंत गेलोय. ताईला कळलं तेव्हा तिने कानाखाली जाळ काढला. "तू जेलात गेलास तर त्याला ओळखणार कोण रे? त्याच्याबरोबरचे बाकीचे तर अंधार होता म्हणतायत!"

म्हणून शब्द देतो, दाजी. त्याचा वकील मला उनाड म्हणू दे, तो माझ्याकडे बघून हसू दे, मी जागचा हलणार नाही. इकडचं तिकडचं बोलणार नाही. हात एकदाच उचलीन, 'हाच तो' म्हणून बोट दाखवायला.

तुमचाच मेव्हणा,
पप्प्या