पडद्यावरच्या पाट्या

रेवदंडा, मार्च १९३४

हरेश्वरदादा,

तू आगबोटीवर खलाशी म्हणून गेलास, त्याला चार वर्षं झाली. पत्ता ठाऊक नाही, म्हणून हे पत्र पेटीतच राहील.

लोकांना बोलपटाचं भारी कौतुक. मला तो डोळ्यांसमोर नको. आईला अक्षरओळख नाही, म्हणून मूकपटात मधेमधे येणाऱ्या संवादांच्या पाट्या मी तिला वाचून दाखवायचो. मुलगा बुडाला आणि त्याची आई रडत असली, की बेधडक वाचायचो, "पोरगा परत आला, आनंदानं रडतेय." आई खूश व्हायची.

काल अलिबागला सिनेमाच्या तंबूत तिनं पहिला बोलपट पाहिला. बुडालेला मुलगा परत आला नाही, हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. घरी येताच, तू गेल्यापासून तुझ्या नावानं आलेली पाचही पत्रं तिनं माझ्यापुढे ठेवली.

"रावज्या, आता खरं काय लिवलंय ते वाच."

दादा, ती पाचही मीच लिहिली आहेत. एक तरी तू लिही.

तुझा धाकटा,
रावजी