आधी पाया, मग क्वांटम

४ जुलै
इतक्या वर्षांनी क्वांटमचा पेपर मला शिकवायला मिळाला. विभागात नुकत्याच आलेल्या नव्या मॅडमनाही तोच हवा होता. विभागप्रमुख बाईंनी बजावलंय, सर, कोर्स पुरा झाला नाही तर पेपर परत घेईन. हसलो. क्वांटम काही आभाळातून पडलं नाही. त्याची भाषा क्लासिकल मेकॅनिक्सनेच तयार करून ठेवली होती. म्हणून आठवडाभर पाया, मग थेट क्वांटम. आठवडाच.

१८ जुलै
अजून लंबकावर. हे रेंगाळणं की निष्ठा, असं स्वतःला विचारलं. निष्ठाच. लंबकाची दोरी हळूहळू आखडत नेली तर ऊर्जाही वाढते, वारंवारताही वाढते, पण दोन्हींचं गुणोत्तर तसंच राहतं. क्वांटमवाल्यांनी नेमकं तेच उचललं! हे डोळ्यांनी न दाखवता पुढे जाणं म्हणजे मुलांची फसवणूक.

२१ जुलै, सकाळ
पुढच्या खोलीतला पंखा उतरवून हुकाला लंबक टांगला. सरावासाठी. बायको म्हणाली, अहो, उकाड्याने जीव चाललाय आणि गोळा कसला झुलवताय? दोनच दिवस, म्हटलं.

९ ऑगस्ट
हळू म्हणजे किती हळू, हा खरा प्रश्न. वर्गात दोरी भसकन ओढली गेली. गोळा फळ्यावर. मुलं हसली. आजचा तास धरायचा नाही. घरी बायकोने वायरमनला बोलावून पंखा परत लावून घेतला.

२ सप्टेंबर
बाई दारात. सर, क्वांटम कुठवर आलं? उंबरठ्यावर, म्हटलं. गेल्या महिन्यातही तिथेच होतं, म्हणाल्या; आत येतंय की आम्हीच बाहेर येऊ?
दिवसभर चैन नाही. घाई केली तर मुलं सूत्रं घोकणार, नाही केली तर पेपर जाणार. सोमवारपासून वेग. त्याआधी फक्त ग्रहांच्या कक्षा. अणूचं पहिलं क्वांटम चित्र त्यांच्यावरूनच काढलं होतं. त्यांना वगळणं बरं दिसत नाही.

१० ऑक्टोबर
क्वांटमचा पहिला तास! फळ्यावर समीकरण लिहून वळलो. वर्ग अगदी शांत. भारावलेला. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, सर, हे झालंय आमचं. नव्या मॅडम महिनाभर जादा तास घेतायत म्हणे. आणि पाया? मी विचारलं. तो एका तासात झाला, सर.

१२ ऑक्टोबर
पुढच्या सत्राचं वेळापत्रक लागलं. नव्या मॅडमना क्वांटम, मला पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स. बाई म्हणाल्या, सर, पाया तुमच्याइतका कोण घालणार? पटलं. घरी सांगितलं, क्वांटमची सुरुवात आता माझ्याकडे आहे. भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, म्हणजे पेपर काढून घेतला ना?
जरा वेळ योग्य शब्द शोधला. मग हो म्हणालो.