चौथ्या वळणावर उचललेला पाय

४ ऑक्टोबर

दादाला वेड लागलंय! सकाळी सकाळी वहिनीला घेऊन दारात हजर. चहा उकळेपर्यंतही दम नाही. "भिंगरीला रेसिंगच्या शाळेने बोलावलंय. वर्षभर तिकडेच राहायचं. इंजिनिअरिंगचा प्रवेश सोडावा लागेल. वीस तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. तू तिला गाडी चालवताना बघ. तू सांगशील ते."

मी सांगेन ते! पोरीचं वर्ष, कदाचित पुढचं सगळंच, माझ्या जिभेवर. आणि माझी जीभ कशी आहे ते अख्ख्या घराला ठाऊक.

म्हटलं, अरे, अपघातानंतर एकोणीस वर्षांत मी ट्रॅकवर पाऊल ठेवलेलं नाही. मी आता ट्रकचे ब्रेक तपासते आणि शिक्के मारते. तर म्हणाला, "म्हणूनच." म्हणूनच काय, ते त्यालाही माहीत नसावं.

वहिनीने माझ्याकडे न बघता चहा संपवला. स्वतःचा कप विसळून पालथा घातला आणि निघाली. तिला नकार हवाय, उघड आहे. कुठल्या आईला नको असेल?

दुपारी भिंगरीचा फोन. "आत्या, खरं सांगायचं हं! मी भाची आहे म्हणून गोड बोलायचं नाही."

मी — आणि गोड!

५ ऑक्टोबर

हो म्हणून बसले. आता भोगा.

७ ऑक्टोबर

गेले एकदाची. ट्रॅक म्हणजे तीच जुनी विमानांची धावपट्टी, जागोजागी तडे, कडेने टायरांच्या राशी. मेकॅनिककाकाही तेच, माझी गाडी बघायचे तेच. केस गेले, पोट आलं, पान्हा मात्र त्याच खिशात. मला बघून म्हणाले, "कोपर कसं आहे?"

"पूर्ण सरळ होत नाही."

"म्हणजे स्वभावासारखंच!" आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

भिंगरी हेल्मेट घालून गाडीत बसली तेव्हा तिचा पट्टा मीच दोनदा ओढून पाहिला. सतरा वर्षांची आहे. या धंद्यात सतरा म्हणजे उशीरच — बाकीची पोरं आठव्या-नवव्या वर्षी सुरुवात करतात. स्टिअरिंग असं धरते की जणू कुणी हिसकावून नेणार आहे. ब्रेक मात्र छान मारते. उशिरा, पण दचका न देता.

माझी पद्धत जुनीच. ट्रॅककडे पाठ करून उभं राहायचं आणि नुसतं ऐकायचं. बघायला लागलं की धुळीत नि रंगात मन जातं, गाडी आहे त्यापेक्षा वेगात वाटते. आवाजात तसं होत नाही. ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय कुठे दाबला, कुठे उचलला, सगळं कळतं. चौथ्या वळणाच्या बाहेर, टायरांच्या मागे जाऊन उभी राहिले. तिला बजावलं होतं, "मी आहे हे विसरून चालव."

चौदा फेऱ्या. चौदाही वेळा चौथ्या वळणावर तिने पाय उचलला. तिथे उचलायचं काही कारण नाही. ते वळण पाय तसाच दाबून ठेवून घ्यायचं असतं.

माझी गाडी उलटली ती तिथेच.

८ ऑक्टोबर

दिवसभर ट्रकांखाली वाकून पाठीचा काटा ढिला झाला. डोक्यात मात्र तेच. आमच्या घरात माझ्या अपघाताची गोष्ट किती वेळा सांगितली गेली असेल! पोर पाच वर्षांची असल्यापासून ऐकतेय. भीती बसणार नाही तर काय होणार?

१० ऑक्टोबर

आज एक नवल! भिंगरी सहाव्या फेरीनंतर आपणहून आत आली. "मागचं उजवं चाक काहीतरी वेगळं वाटतंय." मेकॅनिककाकांनी चाक हलवून पाहिलं. काही नाही. पुन्हा पाहिलं. काही नाही. "मनाचे खेळ आहेत," म्हणाले. ही हटून बसली. शेवटी चाक उतरवलं, तर आतलं बेअरिंग खराब व्हायला नुकतीच सुरुवात झालेली! काका माझ्याकडे बघत राहिले. मी पण त्यांच्याकडे. असं शिकवून येत नाही. मला तरी कधीच आलं नव्हतं.

नवीन बेअरिंग घालून पुन्हा दहा फेऱ्या. सगळ्या फेऱ्यांची वेळ जवळजवळ एकसारखी. घड्याळच म्हणा ना!

आणि चौथ्या वळणावर दहाही वेळा पाय वर.

१२ ऑक्टोबर

सरळ विचारलं. "चौथ्या वळणावर काय होतं?"

"काही नाही."

"घाबरतेस?"

"नाही." पण बघत होती बुटांकडे.

खोटं बोलली. माझ्याशी! संताप आला. घाबरणं मी समजू शकते, त्यात माझ्याइतकं तरबेज कोण आहे? पण लपवणं? ट्रॅकवर लपवाछपवी करणारा ड्रायव्हर स्वतःसोबत दुसऱ्यालाही घेऊन जातो. तिला तोंडावर तसं सुनावलं. रडली नाही. नुसतं "बरं" म्हणाली आणि हातमोजे काढत बसली. त्यापेक्षा रडली असती तर बरं झालं असतं.

१४ ऑक्टोबर

दादाला काय सांगायचं ते कागदावर मांडून पाहिलं. हात चांगला. अंदाज विलक्षण. धीर नाही. ती शाळा वर्षाला बारा जणांना घेते, त्यातला एखादा पुढे जातो. धीर नसलेली मुलगी तिथे वर्ष वाया घालवेल, नाहीतर हाड मोडून घेईल.

मग नकार. आणि वीस तारखेनंतर ती मला आयुष्यभर आत्या म्हणेल का?

कागद फाडला. उत्तर बदललं नाही.

१६ ऑक्टोबर

साहेबांनी रजा दिली नाही, सत्तावीस ट्रक रांगेत. भिंगरी एकटीच सरावाला गेली.

१७ ऑक्टोबर

काय लिहू!

दुपारी ट्रॅकवर पोचले तर मेकॅनिककाका कागद घेऊन उभे. गाडीतल्या यंत्रात पाय किती दाबला याची रेघ उमटते, तिचा छापील तक्ता. "ही कालची फेरी. हे बघा चौथं वळण."

रेघ वरच्या टोकाला. सपाट. कुठे खाच नाही. पुढची फेरी तशीच. त्याच्या पुढचीही.

"काल काय खाऊन आली होती?"

"खाऊनबिऊन काही नाही. काल तुम्ही नव्हता."

मला आधी कळलंच नाही. वाटलं, माझा धाक! मी आहे म्हणून बिचारी दडपणाखाली. तिला हाक मारली, तक्ता पुढे धरला. आता तरी बोल. बेल्टचं टोक चिवडत बोलली —

"आत्या, तू वळणाच्या बाहेर उभी असतेस. गाडी सुटली तर नेमकी तिथेच येणार. आणि तुझी पाठ असते. तुला दिसणारही नाही. म्हणून पाय उचलते."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"तुझी पद्धत आहे ना ती. तुला वाटलं असतं, मी सबबी सांगतेय. तू म्हणालीस, मी आहे हे विसरून चालव. सगळं जमलं गं, तेवढं नाही जमलं."

मेकॅनिककाका पान्हा शोधायच्या निमित्ताने आत निघून गेले. मी मात्र तिथेच टायरांवर बसले. दिवसभर ट्रकवाल्यांना "गाडीच्या वाटेत उभं राहू नका" म्हणून खडसावणारी मी! पोरगी ताशी दीडशेच्या वेगात गाडी सुटली तर कुठे जाईल याचा हिशेब करत होती, आणि मी तिला भित्री ठरवून मोकळी झाले होते. माझ्या काळात मी कधी असा विचार केला होता का? कधीच नाही. केला असता तर कदाचित उलटलेच नसते.

तिची माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाची तरी मागितली असेल. ती म्हणाली, "असू दे, पण तेवढी तिथे उभी राहू नकोस."

१८ ऑक्टोबर

आज गॅरेजच्या भिंतीआड उभी राहिले. पाठ करूनच. वीस फेऱ्या. चौथ्या वळणावर इंजिनाचा आवाज एकदाही खाली आला नाही. विसाव्या फेरीला मी टाळ्या वाजवत होते, एकटीच, वेड्यासारखी.

१९ ऑक्टोबर

दादाकडे जाऊन सांगितलं. काही लपवलं नाही. उशीर झालाय. स्टिअरिंग घट्ट धरायची खोड मोडायला सहा महिने जातील. पुढे जाईलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि जो देईल तो खोटारडा. पण मी इतके ड्रायव्हर पाहिले, गाडी अशी ओळखणारी दुसरी पाहिली नाही. आणि धीर? धीर आहेच, शिवाय दुसऱ्याची काळजीही आहे. दोन्ही एकत्र फार कमी जणांत बघितलंय. माझं उत्तर — हो. पाठवा!

भिंगरीने मला उचललंच! दादा डोळे पुसत चष्म्याला दोष देत होता. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे नीट बघितलं, परत आत गेली. मनात म्हटलं, संपलं. ही मला आता जन्मभर माफ करत नाही.

२० ऑक्टोबर

वहिनी आज एकटीच आली. शाळेचा अर्ज घेऊन. आधीच भरलेला, तिच्याच अक्षरात. तारीख ३ ऑक्टोबर — मला विचारायला आले त्याच्या आदल्या दिवसाची! मुलगी अठराची नाही, म्हणून वर्षभर सोबत राहणाऱ्या मोठ्या माणसाचा रकाना. त्यात माझं नाव.

"मी नाही म्हटलं असतं तर?"

"तर फाडून टाकला असता. तुम्ही सोबत असाल तरच मी तिला पाठवणार होते. वन्सं, वेगाचं तिचं ती बघेल. भीतीचं तुम्ही बघा."

फक्त सहीची जागा कोरी होती. केली सही. उद्या साहेबांपुढे रजेचा अर्ज ठेवायचा — एक वर्षाचा!