राबातली सापसुरळी

बाबा, खरवईचा आपला जमिनीचा तुकडा विकला गेला. व्यवहार ठरला तेव्हा मला काही वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. फक्त जमीन सपाट करायला मशीन येणार होतं त्या दिवशी उल्हासनगरच्या कारखान्यातून रजा घेतली आणि सकाळीच शेतावर गेलो. भाताची रोपं टाकण्याआधी जमीन भाजायला, राबासाठी रचलेला पाचोळा कोपऱ्यात तसाच होता. तो उलटून बघितल्याशिवाय तिथे मशीन घालू द्यायचं नव्हतं.

राब भाजायच्या आधी तुम्ही काठीने पाचोळा हलवत जायचात. "चल गं मावशे, भायेर पर, आग लावतोय." मग सापसुरळी निघायची. बोटाएवढी, तेल चोळल्यासारखी चकचकीत, पाय असून नसल्यासारखे. मातीत शिरायची ती पोहत गेल्यासारखी. पिल्लाची लाल शेपटी बघून लोक विषारी म्हणून ठेचायचे. तुम्ही सांगायचात, सापाची मावशी म्हणतात तेवढंच, विष नाय तिला, वाळवी खाते बिचारी. एकदा मी तिला शेपटीला धरलं. शेपटी तुटून हातात वळवळत राहिली, ती निघून गेली. "शेपूट धरून कोणी भायेर काढतं काय? पुढून वाट मोकळी कर, ती आपली जाते." एवढं बोलून तुम्ही पुढे गेलात.

त्या सकाळी मी पाचोळा उलटत होतो आणि मशीनवाला वर सीटवरून बघत होता.

"काका, सोना गाडा है क्या? आधा मेरा."

"सापाची मावशी आहे आत."

"तो साप को फोन लगाओ ना, आके ले जाएगा."

हसला, पण मशीन बंद करून तंबाखू मळत बसला.

एकच निघाली. मी पुढून वाट मोकळी केली. पूर्वी बांध ओलांडला की शेजारचं शेत होतं, आता सोसायटीची भिंत आहे. ती भिंतीपर्यंत गेली, कडेकडेने थोडी सरकली आणि परत माझ्याच दिशेने आली. शेवटी जेवणाच्या डब्यात माती घालून तिला आत घेतलं आणि गावदेवीच्या देवळामागे सोडलं. फरशी न पडलेली तेवढीच जागा आहे. तिथला पाचोळा जरासा हलला, मग काही नाही.

तुम्ही आता नाही, हे कुठल्या टपालपेटीत पडणार नाही, म्हणून सांगतो. कामावर जाताना रोज देवीपुढे उभा राहतो. हात जोडलेले असतात, पण कान देवळामागे असतो. तुमचं नाव घ्यायचं राहून जातं.